देवघरात दिलेला जबाब

नोकरीतली बरीचशी प्रकरणं मी विसरले, काही मुद्दाम विसरले. हे एक मात्र मनातून गेलेलं नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही, कारण त्या मुलीला अजून याच गावात राहायचं आहे.

मी अधिकारी नव्हते, होमगार्ड होते. माहेर निपाणीकडचं, शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. लग्न होऊन म्हैसूरला आले. सासर जुन्या संस्थानाच्या मराठा शिपायांचं; घरी मराठी बोलतात, पण निम्मे शब्द कन्नड. ठाण्यात महिला पोलीस कमी असत. एखाद्या बाईला विचारपूस करायची असली, किंवा तिच्याजवळ कुणी बसायला हवं असलं, की मला बोलावत. अशी बरीच वर्षं गेली. साठीला मी खाकी उतरवली.

त्या सकाळी हजेरी होऊन गेली होती. जयलक्ष्मीपुरमकडून एक तरुण बाई स्कूटरवर आली. फाटकाबाहेर स्कूटर लावली आणि तिथेच उभी राहिली. ज्याचं स्वतःचं काही गेलेलं असतं तो माणूस ठाण्यात सरळ आत येतो. दुसऱ्याबद्दल सांगायला आलेला आधी फाटकाशी घोटाळतो. मी जाऊन काय हवंय विचारलं. तिला कन्नड येत नव्हतं. मी मराठीत बोलले तेव्हा तिचा चेहरा सैल झाला.

ती पुण्याकडची; मी तिला ताई म्हणू लागले. नवरा म्हैसूरच्याच हेब्बाळ भागातल्या एका कंपनीत. त्यांच्या घरी स्वयंपाकाला एक मावशी येत. मावशींची एकुलती मुलगी वर्षापूर्वी युरोपात, पोर्तुगाल देशात गेली होती. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची नोकरी, असं सांगून तिला नेलं होतं. आदल्या दिवशी ताईंच्या मोबाइलवर परदेशी नंबरवरून फोन आला. ती मुलगीच होती. जाण्यापूर्वी ती आईच्या मदतीला त्यांच्या घरी येई, म्हणून हा नंबर तिला पाठ होता. ताईंनी फोन मावशींच्या हातात दिला.

“मी काही ऐकायला थांबले नव्हते हो,” ताई मला म्हणाल्या. “पण फ्लॅटमधलं स्वयंपाकघर ते केवढं असणार?”

मुलगी रडत होती आणि पासपोर्ट काढून घेतला म्हणत होती, एवढं त्यांच्या कानावर आलं. फोन ठेवल्यावर मावशींनी कणीक मळायला घेतली. ताईंनी विचारलं तर म्हणाल्या, पोरीला सर्दी झालीय. दुसऱ्या दिवशी त्या कामाला आल्याच नाहीत.

आमच्या सब-इन्स्पेक्टर मॅडम हासनकडच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी मध्ये बसून मराठीचं कन्नड करत गेले. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं, स्टेशन डायरीत नोंद केली आणि मुलीला पाठवलं कुणी, हे शोधायला हेड कॉन्स्टेबलना पाठवलं.

पाठवणारा आमच्याच समाजातला निघाला. हेब्बाळच्या रस्त्यावर त्याचं परदेशी नोकऱ्या लावून देण्याचं ऑफिस होतं. लोक त्याला मामा म्हणत. समाजाच्या कार्यक्रमात परदेशी निघालेल्या मुलींना हार घालून त्यांचा सत्कार करायचा, फोटो काढायचे, ही त्याची पद्धत. मॅडमनी त्याला चौकशीला बोलावलं. तो हसत आला आणि खुर्चीत बसायच्या आधी पिशवीतून कागद काढले. करार, व्हिसाची प्रत, मुलीची सही, आईचा अंगठा, सगळं होतं. साधा माणूस ठाण्यात येतो तेव्हा नेमका हवा तो कागद घरी विसरून येतो. न मागता सगळे कागद पुढे करणाऱ्याबद्दल मला नेहमीच शंका वाटत आली आहे.

मॅडम म्हणाल्या, मुलीशी बोलायचं आहे. तो म्हणाला, आत्ता ती कामावर असेल, पण परवाच तिने व्हिडिओ पाठवलाय. त्यात मुलगी स्वच्छ स्वेटर घालून उभी होती. आई, मी छान आहे, इथली माणसं चांगली आहेत, काळजी करू नकोस, असं एका दमात बोलली. हेड कॉन्स्टेबलनी माझ्याकडे बघून खांदे उडवले. मॅडमनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग तिसऱ्यांदा.

“ही आईशी बोलताना आईकडे का बघत नाही?” त्यांनी विचारलं. “बाजूला कोण उभं आहे?”

मामा हसला. म्हणाला, कॅमेऱ्यापुढे आमच्या पोरी लाजतात. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, “अक्का, तुम्ही आमच्यातल्याच ना? मग सांगा की मॅडमना, मामा कसा माणूस आहे ते. का खाकी घातली की नातं सुटतं?”

मी टेबलावरचे त्याचे कागद सरळ करून मॅडमपुढे सरकवले. मला चारचौघांत बोलायला जमतच नाही. त्याला मात्र माझं गप्प राहणं आवडलं नाही, हे त्याच्या तोंडावर दिसलं.

त्या दिवशी त्याला सोडून द्यावं लागलं. त्याच्या बाजूने शिक्क्यांचे कागद होते आणि आमच्या बाजूने स्वयंपाकघरात कानावर पडलेले चार शब्द. त्यातच हेड कॉन्स्टेबल बातमी घेऊन आले की नंजनगूडच्या दोन मुलींचाही सत्कार होऊन गेलाय आणि त्या याच आठवड्यात निघणार आहेत. आता सगळं मावशींच्या बोलण्यावर होतं.

साक्षीदार बाईला ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जाऊन जबाब घ्यायचा असतो. मॅडम आणि मी साध्या साड्या नेसून गेलो. मावशी दारातच अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं आणि पुन्हा शेंगा घेऊन बसल्या. घाबरलेली बाई हातातलं काम सोडत नाही. मॅडमनी कन्नडमध्ये विचारलं, मी मराठीत विचारलं. पोरीला सर्दी झालीय, एवढंच उत्तर.

मी पुन्हा विचारलं तेव्हा त्या हळू म्हणाल्या, “बेडा अक्का. नका विचारू. म्या बोलले तर तिकडं तिला काय तरी व्हईल.”

असं बोलताना त्यांनी कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडे पाहिलं. माणसाला भिणारी बाई दाराकडे बघते. मी देव्हारा नीट पाहिला. मधोमध खंडोबाचा टाक होता, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव. टाकाखाली बेलाचं एक वाळलेलं पान दाबून ठेवलं होतं आणि त्यावर हळद होती.

“बेलभंडारा उचललाय का?” मी विचारलं.

त्यांचे हात थांबले.

मॅडमना हे समजावून सांगावं लागलं. आमच्याकडे खंडोबापुढे बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा तळहातावर घेऊन जो शब्द देतात, तो मोडायचा नसतो. मोडला तर आपल्या सगळ्यात जवळच्या माणसाला भोगावं लागतं, असं मानतात. मावशींनी शब्द दिला होता, की मुलीच्या कामाबद्दल तिथून काहीही कळलं तरी बाहेर सांगणार नाही. मुलगी निघायच्या आदल्या संध्याकाळी मामाने याच देव्हाऱ्यापुढे तो त्यांच्याकडून घेतला होता. लोकांची दृष्ट लागते, व्हिसा अडतो, असं कारण सांगून.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन मिटून पर्समध्ये ठेवलं. मला म्हणाल्या, हा शब्द मोडा असं सांगणारी मी कोण, पण नंजनगूडला आणखी दोन आया आहेत, एवढं त्यांना सांगा. मी सांगितलं. मावशींनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा शेंगा हातात घेतल्या.

मला माझं माहेर आठवलं. तिकडे बांधावरून भांडण झालं की दोघांनी समोरासमोर बेलभंडारा उचलायचा, अशी रीत होती. एकट्याने उचललेला कुणी धरत नसे.

“तुम्ही एकट्यांनीच उचलला?” मी विचारलं.

“न्हाई. पोरीनंबी उचलला. मामानंबी.”

“मामानं काय म्हणून उचलला?”

“धाकट्या भैणीगत संभाळीन म्हणून.”

मामाला वाटलं असेल, आपणही हात लावला की गाठ जास्त घट्ट बसेल. मावशींचा विश्वास बसावा म्हणून त्याने ते केलं होतं आणि विसरूनही गेला होता. मावशी विसरल्या नव्हत्या.

“मग संभाळली का त्यानं?”

मावशींनी शेंगा बाजूला सारल्या. उठल्या, मोरीत जाऊन हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि देव्हाऱ्यासमोर उभ्या राहिल्या. आम्ही मागे बसलोय हे त्या विसरल्या असाव्यात, किंवा नसाव्यातही.

“देवा, तुज्यासमोर ह्या हातानं म्या उचलला आन् त्या हातानं त्यानं,” त्या म्हणाल्या. “म्हाताऱ्या माणसांकडं न्हेतो म्हणाला. माज्या पोरीला प्लास्टिकच्या मांडवात फळं तोडाया लावली. पासपोर्ट घेतला. ताप आला त्या दिवशी जेवाय दिलं न्हाई. पळालीस तर तू वंगाळ चालीची हैस असं म्हैसूरभर सांगू म्हणत्यात. भैणीगत संभाळीन म्हणाला व्हता. त्यानं मोडलं, त्याचं तू बघ. माजं मी तुला परत करते.”

टाकाखालचं पान त्यांनी काढलं, ताम्हणातल्या पाण्यात सोडलं आणि हाताची हळद त्याच पाण्यात धुतली. मग आमच्याकडे वळल्या.

“लिवा आता.”

देवाशी बोललेलं मॅडमनी लिहिलं नाही. ‘लिवा’ म्हणाल्यानंतरचं सगळं लिहिलं. मुलीने फोनवर गावाचं नाव सांगितलं होतं, जवळच्या चर्चचंही. नाव विचित्र, कधी न ऐकलेलं. विसरू नये म्हणून मावशी फोन आल्यापासून दिवा लावताना देवाच्या नावासारखं ते गाव म्हणत होत्या. मॅडमनी मोबाइलवर नकाशा काढून ते गाव शोधलं. चर्च होतं. त्याच्या मागे पांढऱ्या प्लास्टिकच्या मांडवांच्या रांगा दिसत होत्या. मावशी त्या चित्राकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

त्याच दुपारी मानवी तस्करीचा गुन्हा दाखल झाला. मामा दोन दिवसांनी बसस्टँडवर सापडला. नंजनगूडच्या दोघी मुलींना घेऊन तो बेंगळुरूच्या विमानतळाची बस पकडत होता. मुलींचे पासपोर्ट त्याच्या खांद्याच्या पिशवीत होते. मॅडमनी विचारलं, यांचे पासपोर्ट तुमच्याकडे कसे? तो म्हणाला, पोरी आहेत, हरवतील. मॅडम म्हणाल्या, मग यांच्या हातात द्या, मी बघते कशा हरवतात ते. दोघींनी आपापला पासपोर्ट हातात घेतला आणि एकीने तो उघडून स्वतःचा फोटो पाहिला. तिने तो पूर्वी पाहिलेलाच नव्हता.

रिमांडमध्ये मामा एकच प्रश्न विचारत राहिला, कोण बोललं? व्यवहार कसा चाले, तिकडचा मुकादम कोण, हे त्याने हळूहळू सांगितलं. पण त्याला खरी टोचणी लागली होती ती याच गोष्टीची. त्याच्या हिशोबाने कुणी बोलूच शकत नव्हतं.

मुलीला परत आणणं मात्र लांबलं. मॅडम बेंगळुरूच्या वरिष्ठ कार्यालयाला पत्रं लिहीत, तिथून ती आपल्या दूतावासाला जात, दूतावासाकडून तिकडच्या पोलिसांना. अवरेचा हंगाम संपला, उगादी म्हणजे आपला पाडवा झाला. मावशी दर सोमवारी ठाण्यात येऊन बाकावर बसत. काही विचारत नसत. ताईंकडचं काम त्यांनी सोडलं होतं. ताई दोनदा घरी जाऊन आल्या, पण मावशी परत गेल्या नाहीत. त्या घरात आपली लाज सांडली, असं त्यांना वाटे. ताईंना याचं फार वाईट वाटलं. मी दोघींनाही काही समजावू शकले नाही.

एका सोमवारी मावशी मला म्हणाल्या, “अक्का, म्या शब्द परत केला तो देवानं घेतला असंल का? का पोरीवर गेलं ते?”

मी त्यांच्याशेजारी बसून राहिले.

उगादीनंतर तिकडच्या पोलिसांनी त्या जागी जाऊन बायका बाहेर काढल्या आणि मुलगी परत आली. बारीक झाली होती, बोटांना चिरा पडल्या होत्या. जबाब घ्यायला आम्ही पुन्हा त्याच खोलीत जाऊन बसलो. ती मान खाली घालून गप्प. बेलभंडारा तिनेही उचलला होता, तिचीही मूठ बांधलेलीच होती. मावशींनी ताम्हणात पाणी घेतलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

“तू शब्द परत केलास?” मुलीने विचारलं.

“केला.”

“कधी?”

“तुजा फोन आल्यावर. आन् तू घरी आलीस.”

मुलीने पाण्यात हात बुडवले आणि तसेच ठेवले. मग बोलायला लागली. दिवेलागण होऊन गेली तरी बोलत होती. मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

इतकी वर्षं मी गप्प बसलेल्या बायकांजवळ बसले. पूर्वी मला वाटे, धीर दिला की माणूस बोलतो. या प्रकरणात कळलं की धीर कमी नसतो, कधीकधी माणसाने कुणाला तरी शब्द दिलेला असतो. ज्याला शब्द पाळायची सवय आहे त्यालाच लुच्चा माणूस शब्दाने बांधतो. अशा माणसाला बोल, बोल म्हणून हलवण्यापेक्षा, तुला कुणी आणि कशाने बांधलंय, हे आधी विचारावं.

खटला उभा राहिला तेव्हा मावशींना साक्षीला बोलावलं. कोर्टाच्या व्हरांड्यात मी सोबत होते. पुकारा व्हायच्या आधी त्यांनी माझा हात धरला.

“आत शपथ घ्याया लावतात म्हणं. पुन्ना उचलायचा?”

मी म्हटलं, घ्यावी लागते, पण इथली शपथ गप्प राहण्याची नसते. जे झालं ते सगळं सांगीन, अशी असते.

त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

“मग ती घेते,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.