वजन बघून घेतलेला कॉम्प्युटर

मानपाड्याच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग, म्हणजे तांब्याची तार गुंडाळायचं काम केलं. या कामात माणूस दोन गोष्टी शिकतो. माल हातात उचलून बघायचा, कारण जड म्हणजे आत तांबं भरपूर. आणि चालू करून कान लावायचा, कारण आवाज करणारं यंत्र आज ना उद्या जळतं. एवढ्या भांडवलावर मी आयुष्यभर लोकांना अक्कल शिकवली, आणि त्याच भांडवलावर मुलीसाठी कॉम्प्युटर घ्यायला निघालो.

मुलगी चोवीस वर्षांची. स्नायू हळूहळू निकामी होण्याचा आजार. पाय कॉलेजात असतानाच गेलेले, हात अजून चालत होते. घराबाहेर पडणं बंद झाल्यावर फोनवरच्या गेममध्ये तिला तीन मैत्रिणी मिळाल्या. चौघींची टीम. रोज संध्याकाळी सातला बसायच्या आणि माझी मुलगी, जिला कूस बदलायलासुद्धा आई लागायची, ती त्या तिघींना डाफरायची, "अगं मागे बघ ना, येडी!" तो आवाज ऐकला की आम्हा नवराबायकोला बरं वाटायचं.

मग टीमने कॉम्प्युटरवर खेळायचं ठरवलं. तिलाही तेच सोयीचं होतं. "बाबा, फोनवर बोटं लगेच दमतात. माऊसला नुसतं मनगट पुरतं. अजून दोनेक वर्षं तरी खेळेन." दोनेक वर्षं, हे तिने सहज म्हटलं. मी पंख्याकडे बघत बसलो.

पन्नास हजारांच्या वर जायचं नव्हतं. सुटे भाग आणून जोडणारं घरात कोणी नाही, म्हणून तयार जोडलेलाच घ्यायचा. तीन आठवडे तिने व्हिडिओ बघून अभ्यास केला आणि मला चिठ्ठी लिहून दिली. वेडंवाकडं अक्षर: "वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच. नसेल तर घेऊ नका, मला फोन करा." बायको दारात म्हणाली, "तिला विचारूनच घ्या हो." मी म्हटलं, यंत्रातलं मला शिकवू नकोस.

कल्याणच्या दुकानात आमच्या बजेटमध्ये दोन होते. एक काळा, बुटका, आत पंखा घरघरत होता. दुसऱ्याला एका बाजूने जाड काच, आत रंगीत दिवे. मी दोन्ही उचलून पाहिले. काचेवाला चांगलाच जड. चालू करायला लावला, कान लावला, एकदम शांत. दुकानदार म्हणाला, "काका, गेमिंगला तो छोटा घ्या, त्यात कार्ड आहे." मला वाटलं, जुना माल गळ्यात मारतोय. चिठ्ठी खिशात होती. पण परक्या माणसासमोर मुलीला फोन करून विचारायची मला लाज वाटली. "मला येडा समजू नका," म्हणालो आणि काचेवाला घेतला.

तीन जिने तो खांद्यावरून चढवला. वाटेत शेजाऱ्यांना वजनाचं शास्त्र सांगितलं. घरात आल्यावर तिलाही सांगितलं. तिने काचेवर हात फिरवला, आत बराच वेळ बघितलं. मग माझ्या घामाने भिजलेल्या शर्टाकडे बघून म्हणाली, "मस्त आहे, बाबा." सात दिवसांत बदलून मिळाला असता. ती काही बोलली नाही आणि मी काही विचारलं नाही.

सातला ती हेडफोन लावून बसायची. स्क्रीनवर पळापळ, गोळीबार. मी चहा ठेवून यायचो. तिचा हात माऊसवर नसायचा, मांडीवर असायचा. ते मला दिसत होतं. डाफरणंही बंद झालं होतं. हात दमले असतील, असं मी धरून चाललो. दुसरं काही असेल हे मला बघायचंच नव्हतं.

दिवाळीनंतर ती गेली. न्यूमोनिया झाला, चार दिवसांत सगळं आटोपलं.

बायकोने मुलीच्या फोनवरून टीमला कळवलं होतं. पुढच्या रविवारी त्यांच्यातली एक मुलगी भेटायला आली. राहायला ठाकुर्लीला, आमच्यापासून एकच स्टेशन, पण दोघी समोरासमोर कधी भेटल्या नव्हत्या. आजाराबद्दल तर आमच्या मुलीने त्या तिघींना अवाक्षर सांगितलं नव्हतं. पाणी पिऊन झाल्यावर तिने विचारलं, "काका, तिने खेळणं का सोडलं ओ? आमची मॅच रोज बघायची, शेवटपर्यंत. तू पण ये म्हटलं की म्हणायची, घरात कामं खूप असतात गं, वेळच नाही मिळत."

मी नुसता कॉम्प्युटरकडे हात केला. ती वाकली, मोबाईलचा टॉर्च लावून काचेतून आत बघितलं.

"काका, ह्यात तर कार्डच नाहीये. आमचा गेम ह्यावर चाललाच नसता."

"दुकानदाराने फसवलं आम्हाला," मी म्हणालो.

"असेच असतात ओ हे लोक," ती म्हणाली आणि रडायला लागली.

चिठ्ठी तेव्हाही माझ्या पाकिटात होती. बायकोला ते माहीत होतं. ती माझ्याकडे न बघता उठली आणि आत गेली.