ताईने नापास केलेला डबा

माझ्या ताईला कुणाच्या नव्या घरी नेण्याची सोय नाही. बाकीची माणसं पडदे बघतात, फरशी बघतात, ही बया आधी विजेच्या ब्रेकरचा डबा उघडते. कारखान्यात ती तेच डबे तपासते आणि इतकी वर्षं तपासत आली आहे की आता तिचा हात तिचं ऐकत नाही. पत्रा अंगठ्याने दाबून बघायचा, लवला की हिचं तोंड वाकडं. वायरी आत शिरतात त्या भोकांच्या कडेवरून बोट फिरवायचं, कारण कड धारदार राहिली तर वायरीचं आवरण सोलतं. आतल्या तांब्याच्या पट्टीला लोहचुंबक लावायचं. चिकटलं तर ते तांबं नव्हे, मुलामा दिलेलं लोखंड. शेवटी स्क्रू. एकेक आवळायचा आणि वायर चांगली हिसडा देऊन ओढायची. तिच्या या वेडापायी मी चारचौघांत कितीदा खाली मान घातली आहे. पण झाकण छान लागतं म्हणून डबा चांगला म्हणणाऱ्या शहाण्यांपेक्षा ती बरी, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. मी भांडतेच. ती कधी नाही. आईने दोघींच्या वाट्याचं तोंड मलाच देऊन टाकलंय.

त्या दिवशी ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, तान्ह्या बाळाला घेऊन नव्या घरात राहायला जाणार होती. घरातलं विजेचं सगळं काम जावयाच्या थोरल्या भावाने केलेलं. त्याचा धंदाच तो. आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणतो. सकाळपासून सामान वर चढत होतं. भाचीने मला जिन्यातच गाठलं आणि बजावलं की मावशी, आज आईला डबा उघडू देऊ नकोस, भाऊंना वाईट वाटेल. मी हो म्हटलं. पण बाळाला निजवलं होतं त्याच खोलीत, त्याच्या डोक्याशी तो डबा. ताई बाळाला बघून येते म्हणून आत गेली, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

बाहेरचा पंखा थांबला तसे आम्ही सगळे आत धावलो. ताईने मेन स्विच पाडला होता, झाकण उघडं होतं आणि ती एक स्क्रू आवळत होती. स्क्रू फिरला, आणि फिरतच राहिला. पट्टीतले आटे केव्हाच गेलेले. तिने वायर ओढली तर ती अलगद हातात आली, टोक तापून तपकिरी पडलेलं. अजून या घरात कुणी राहिलंसुद्धा नव्हतं. नुसतं फरशी घासायचं यंत्र चाललं होतं, तेवढ्यात ही गत.

भाऊ म्हणाला, काकूंनी जरा जास्तच आवळला असेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला नको नको ते बोलले. स्वतःच्या पुतण्याच्या उशाशी असला उकिरडा टांगायला लाज कशी वाटली नाही, एवढा हात चालतो तर एक वायर ओढून बघता येत नव्हती का, सगळं विचारलं. बाळ उठून रडायला लागलं तरी माझं थांबेना. तो बिचारा पडत्या आवाजात म्हणाला, "अहो, काकूंच्याच कारखान्याचा डबा आहे. दुकानात तेवढाच राहिला होता. त्यांच्या हाताखालून गेलेला असणार, म्हणून मी वायर ओढूनही बघितली नाही."

ताईने मोबाइलचा उजेड पट्टीच्या खाली धरला. बराच वेळ बघत राहिली.

"हा मी नापास केलाय," ती म्हणाली.

पट्टीखाली, सहज दिसणार नाही अशा जागी, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने कोरलेली फुली होती. झालं. आता मला धरायला दुसरी मान सापडली. नापास माल मागच्या दाराने बाजारात काढतात मेले, चला, आत्ताच्या आत्ता कारखान्यात जाऊ, मालकाला सगळ्यांसमोर उभा करते. मी चप्पलही पायात सरकवली होती. जावईसुद्धा निघाला.

भाची बाळाला खांद्यावर थोपटत त्या फुलीकडे बघत होती. तिने हळूच विचारलं, नापास डब्यावर तर खडूने फुली मारतात ना? मग ही कोरून का मारली?

"खडूची पुसतात," ताई म्हणाली.

"म्हणजे तुला माहीत होतं."

ताईने मग काय काय सांगितलं. तपासायचं एवढंच तिचं काम, पुढे माल कुठे जातो हे तिथे कुणी विचारत नाही. एकदा विचारलं होतं तर साहेबाने पॅकिंगला बसवायची धमकी दिली. म्हणून निदान आपल्या मनाला शांती असावी, यासाठी ती कोरायला लागली. मनाला शांती! मी तिची बाजू घेऊन आयुष्यभर जगाशी भांडले, आणि ही मूग गिळून बसली होती. पहिल्यांदाच मला माझ्या बहिणीचा राग आला, इतका की मला बोलताच येईना.

"बाकीचे कुणाच्या घरात आहेत, आई?" भाचीने विचारलं.

भाऊ मान खाली घालून डबा भिंतीवरून उतरवू लागला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. भाचीने बाळाचं दुपटं, बाटली, झबली पिशवीत भरली. नवा डबा बसेपर्यंत घरात राहणं शक्यच नव्हतं. ताई पुढे झाली आणि पिशवीला हात घालत म्हणाली, चल, आपल्याकडे चल, तुझी खोली आवरून देते. मीही तेच म्हटलं.

भाचीने पिशवी सोडली नाही.

"मी भाऊंकडे जाते," ती म्हणाली. "त्यांना निदान माहीत नव्हतं."