मांजराविना घर

वाळवंटातल्या टूसॉन शहराच्या दक्षिण भागात कुका बाराकामोंतेला ओळखत नाही असा दमेकरी सापडणं कठीण. सव्वीस वर्षं ती लोकांची घरं साफ करत आली होती, आणि ज्या घरांत कुणाची छाती घरघरते अशीच घरं ती धरायची. कोरडा झाडू तिच्या हातात कधी दिसला नाही. "झाडू धूळ काढत नाही, उठवून नाकात घालतो," असं ती पहिल्याच दिवशी मालकिणीला सुनावायची. मग ओलं फडकं घेऊन पंख्याच्या पात्यांपासून सुरुवात, शेवटी फरशी.

ही विद्या तिला हौसेनं आली नव्हती. मुलगी मारिसेला चार वर्षांची असताना तिला घेऊन ती आणि नवरा चेमा कितीदा इस्पितळात धावले होते. तिथल्या एका नर्सनं एकदा चिडूनच विचारलं, "बाई, घरात गालिचा आहे? कूलरचं गवत कधी बदललंत?" कुकानं त्याच आठवड्यात गालिचा उपटला. छपरावरच्या कूलरमधलं कुजकं गवत तिनं स्वतः उपसून टाकलं. पोरगी हळूहळू सावरली, शिकली, पार उत्तरेला पोर्टलंडला गेली. तिथेच संसार थाटला.

चेमा गेल्यावर वर्षभरानं एक राखाडी मांजर दाराशी आलं आणि आत शिरलं ते शिरलंच. कुकानं तिचं नाव ठेवलं पेलूसा, म्हणजे पलंगाखाली जमतो तो धुळीचा पुंजका. मांजर निजायच्या खोलीत घेऊ नका, असं गावाला बजावणारी कुका स्वतः मात्र पायाशी तिची ऊब घेऊन झोपायची. दुसरा कुणी होता कुठे घरात? चेमाच्या खुर्चीखाली एक छोटा गालिचाही परत आला होता.

मार्चमध्ये मारिसेलाचा फोन आला.

"अमा, ईस्टरला येतोय आम्ही. मी आणि नोएमी."

सहा वर्षांच्या नातीला कुकानं फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं.

"पण अमा, नोएमीला मांजर अजिबात चालत नाही. माझ्याहून वाईट आहे तिचं. तुझ्याकडे मांजर आहे ना?"

"छे! ती शेजाऱ्यांची. येऊन-जाऊन असते," कुका म्हणाली आणि संध्याकाळी पेलूसाला टोपलीत घालून खरंच शेजारी गेली.

शेजारचे एपिफानियो, ज्यांना सगळे आदरानं 'डॉन' म्हणत, म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेला एकटा म्हातारा. त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं. "काय हो, भाडेकरूला बाहेर काढलंत?"

"महिनाभर सांभाळा. आणि बटर देऊ नका, पोट बिघडतं तिचं."

"माझं पण बिघडतं. आम्ही दोघं मिळून पथ्य करू."

मांजर गेलं तरी मांजराचा कोंडा महिनोन्‌महिने भिंतींना चिकटून राहतो, हे कुकाइतकं कुणाला ठाऊक? दिवसभर परक्यांची घरं पुसून आली की ती आपल्या घराला हात घाली. भिंती धुतल्या. पडदे उतरवून ठेवून दिले. चेमाची कापडी खुर्ची दोनदा पुसून पाहिली, मग एका सकाळी रस्त्याकडेला नेऊन ठेवली. दुपारी परत आली तेव्हा ती कुणीतरी उचलून नेली होती. गालिचाही गेला. कूलरला नवं गवत, गादीला चेन लावलेली खोळ, चादरी कडकडीत पाण्यात. बाहेर पालोव्हेर्देची झाडं पिवळ्या फुलांनी लगडली होती, त्यांचे परागकण आत येऊ नयेत म्हणून खिडक्यांच्या फटी पट्टीनं बंद केल्या. शेवटी घराला कसलाच वास उरला नाही, कुणी राहत असल्याचासुद्धा.

त्या दोघी आल्या. नोएमी चपला काढून गुळगुळीत फरशीवरून घसरत सुटली. मारिसेला प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहून श्वास घेऊन पाहत होती.

"अपांची खुर्ची कुठंय?"

"मोडली होती."

"घर फार छान ठेवलंयस, अमा." मग ती जमिनीकडे बघत म्हणाली, "आम्ही हॉटेलात खोली घेतलीय. तुला आधीच सांगायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, उगाच धोका नको."

"बरं केलंस," कुका म्हणाली आणि टोर्टिया शेकायला वळली. तव्यावरची एक करपली.

चार दिवस त्या दुपारी जेवायला यायच्या आणि उन्हं कलली की जायच्या. तिसऱ्या दिवशी प्राणिसंग्रहालयात फिरून दमल्या होत्या. जेवल्यावर नोएमी आजीच्या पलंगावर लवंडली, तिला थोपटता थोपटता मारिसेलाचाही डोळा लागला. कुका भांडी तशीच टाकून दाराशी येऊन उभी राहिली. कान देऊन ऐकत राहिली, पूर्वी मारिसेलाच्या उशाशी बसून ऐकायची तशी. शिट्टी नाही, घरघर नाही. दोघींचे श्वास संथ चालले होते. तिचे गुडघे दुखू लागले, पण स्टूल ओढलं तर आवाज होईल म्हणून ती उभीच राहिली.

जाताना मारिसेलानं तिला घट्ट धरलं. "नोएमी एकदासुद्धा खोकली नाही, अमा. पुढच्या वेळी इथेच राहायचं का, बघू."

दुसऱ्या दिवशी कुका टोपली घेऊन शेजारी गेली. पेलूसा डॉन एपिफानियोंच्या मांडीवर पसरली होती. तिनं एक डोळा उघडला, मिटला.

"घेऊन जा तुमची महाराणी," म्हातारा म्हणाला. पण त्याचा हात काही मांजराच्या पाठीवरून निघेना.

कुकानं रिकामी टोपली काखेत मारली. "राहू दे तुमच्याकडेच. पोरगी पुढच्या वेळी मुक्कामाला येणार म्हणतेय."

"कधी?"

"बघू म्हणाली."

डॉन एपिफानियो हसले नाहीत. "मग तुम्ही तरी येत जा की इकडे. बसा घटकाभर. एकटीनं काय करता तिकडे?"

"कपड्यांना केस लागतात हो," कुका म्हणाली आणि घरी आली.

मे महिन्यात वारा सुटला. दिवसातून दोनदा पुसलं तरी खिडकीच्या चौकटीवरच्या धुळीत बोटानं रेघ ओढता येई. एका रविवारी मारिसेलाचा फोन आला: उन्हाळ्यात जमणार नाही, डिसेंबरात बघू. "हो, हो, सावकाश या," कुका म्हणाली. फोन ठेवला आणि पलंगावरची चादर काढून धुवायला टाकली. तिच्यावर कुणी झोपलं नव्हतं. ती स्वतः हल्ली बाहेरच्या खोलीत खाटेवर झोपायची.