डांबरावर अंथरलेली पोती

पोतं चाकात गेलं आणि त्याच्यामागून माझ्या जावेचा हात गेला. मी ट्रॅक्टरवर होते, ती खाली रस्त्यावर. उजवीकडून दुधाचा टँकर येत होता. माझं लक्ष त्याच्यावर होतं, म्हणून हात जाताना मी पाहिला नाही. आवाज ऐकला. घाबरली की ती माहेरच्या कानडीत बोलते. "निल्लु अक्का, निल्लु." थांब म्हणत होती. मी क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबले. तोवर चाक अर्धा वेढा फिरलं होतं. ती गुडघ्यांवर बसलेली होती आणि कोपरापर्यंतचा हात पोत्यात गुंडाळून चाकाच्या लोखंडी पात्यांत अडकला होता.

मागे घ्यावं तर हात तुटेल आणि पुढे घेतलं तर जाव चाकाखाली येईल. मी इंजिन बंद केलं आणि उडी मारली. या वयात उडी मारायची नसते, पण मारली.

आमचं रान कुंभारीच्या अलीकडे, अक्कलकोटच्या रस्त्याला. रस्त्यानं त्याचे दोन तुकडे केलेत. इकडे घर, गोठा, विहीर. तिकडे कांदा. पूर्वी रस्ता अरुंद होता, बैल एका दमात पार व्हायचे. मग तो रुंद झाला, मध्ये दुभाजक आला. आमच्यासमोर दुभाजकात एक फट ठेवलीय, तीच आमची वाट.

दोघींचे नवरे गेल्यावर बैल विकले आणि छोटा ट्रॅक्टर घेतला. चालवायला मी शिकले. जाव म्हणाली, "तुला बसवत न्हाय एका जागी, तूच चालीव. मी खाली बरी." खरं होतं ते. मी जेवतानासुद्धा दोनदा उठते.

मी चौथी शिकलेली. पण कायदा मोडायचा नाही, एवढं ठरवलं होतं. मुलगा सोलापुरात असतो, दुकानात नोकरीला. त्यानं ट्रॅक्टरला नंबर घेतला, विमा काढला. लायसन्ससाठी आरटीओत मला घेऊन गेला. तिथला माणूस त्याच्याकडे बघून म्हणाला, "लायसन्स कुणाचं काढायचंय?" मी म्हटलं, "माझं." त्यानं चष्मा वर केला.

"आजी, रानात चालवायला लायसन्स कशाला? आपल्या बांधाच्या आत कोण विचारतंय?"

"रान रस्त्याच्या दोन्ही अंगाला हाय."

"मग लागेल. दहा पावलं ओलांडली तरी ते रस्त्यावर चालवणंच झालं."

कॉम्प्युटरवर खुणा ओळखायच्या होत्या. दोन चुकल्या, तरी पास झाले. लायसन्स मी पिशवीत घालून कमरेला बांधलं. मोठा शहाणपणा केला असं वाटलं.

पावसानंतर काळं रान ओलं असलं की रबरी चाक जागेवर फिरतं, पुढे जात नाही. तेव्हा रबरी चाकं काढून लोखंडी बसवायची. ती चिखलात पात्यांनी धरतात. अशीच बसवून एकदा रस्ता ओलांडताना रस्त्याच्या कामावरच्या साहेबानं अडवलं.

"मावशी, डांबर उकरतंय बघा. लोखंडी चाक डांबरावर आणायला बंदी आहे."

"उकरलं न्हाय तर?"

तो हसला. "मग काय, उडवत न्या."

मी मनात एवढंच धरलं, की बंदी आहे ती डांबरासाठी. डांबर वाचलं म्हणजे झालं. खरं तर चाकं बदलायची होती. रस्ता ओलांडायला रबरी, पलीकडे रानात लोखंडी. पण चाकं बदलायला दोघींना तास-दीड तास लागायचा. जॅक लावा, नट सोडा, जड चाक ढकला, परत आवळा. जाव म्हणायची, "बदलू की, कुटं गाडी चुकतीया?" तेवढा वेळ मला दम निघत नव्हता. म्हणून पोती काढली मी. आठ गोणपाटं डांबरावर दोन ओळींत अंथरायची, त्यांच्यावरून चाकं न्यायची, मागे पडलेली पोती जावेनं उचलून पुढे टाकायची. ट्रॅक्टर थांबवायचा नाही, गोगलगायीच्या चालीनं चालू ठेवायचा. दोन वर्षं असं केलं. डांबराला एक ओरखडा नाही. येणारे-जाणारे गाड्या हळू करून बघायचे. एक ट्रकवाला म्हणाला, "आजी, गालिचा घातलाय की." जावेला त्याचं कौतुक वाटायचं. ती हात हलवायची.

त्या दिवशी सकाळपासून वारा होता. रान ओलं होतं, पुन्हा ढग भरून आले होते आणि कांद्याची रोपं लावायची राहिली होती. गोणपाटं कुजली म्हणून मी खताची प्लास्टिकची पोती घेतली. जाव म्हणाली, "ही उडत्यात गं."

"दगुड ठेव."

"दगुड उचलू का पोती उचलू?"

"तोंड कमी चालीव, हात चालीव."

असं बोलले मी. तिला हात चालव म्हणाले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, इथे लिहितेय.

पोतं उडू नये म्हणून तिनं त्याचं टोक मनगटाला गुंडाळून धरलं. चाकाच्या पात्यात दुसरं टोक अडकलं. पुढचं वर सांगितलंच आहे.

टँकरवाल्यानं टँकर आडवा लावून मागची वाहनं अडवली. तरणा होता. माझ्याकडचा विळा घेतला आणि पोतं कापत बसला. मी जावेचं डोकं मांडीवर धरलं होतं. ती म्हणाली, "ट्रॅक्टर मधीच हाय, बाजूला घे." हाताचं मांस दिसत होतं आणि हिला ट्रॅक्टरची काळजी.

गावातल्या एकाच्या टेम्पोतून सोलापूरला नेलं. दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाली, रक्त फार गेलंय, हाड दोन ठिकाणी मोडलंय, हात राहील की नाही उद्या कळेल. ती राहील की नाही, ते कुणी म्हणालं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

बाकावर बसवेना. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझारा घातल्या. भिंतीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत, परत भिंत. नर्स म्हणाली, "आजी, बसा ना, चक्कर येईल." मी म्हटलं, "बसले तर येईल." एकदा बाहेर जाऊन चहा घेतला आणि न पिता ठेवून आले. रक्त द्यायला म्हणून मीही हात पुढे केला. वय बघून नको म्हणाले.

दुपारनंतर मुलगा आला. त्यानं मला जिन्याजवळ नेलं.

"आई, पोलीस येतील. रानात झालं म्हण. आपल्याच रानात, बांधाच्या आत."

"रस्त्यावर झालंय."

"माहीत हाय गं. पण रानात कुणी चाकाचं विचारत न्हाय. रस्त्यावर म्हणालीस तर लोखंडी चाक आलं, लायसन्स गेलं, विमाबी लोंबकळला. आणि तुझ्यावर केस."

"टँकरवाल्यानं काय डोळं झाकलं व्हतं?"

"तो गेला अकलूजला. त्याला कोण शोधतंय?"

मी परत येरझारा सुरू केल्या. तो माझ्यामागून चालत बोलत राहिला. खोटं बोलायला मला काही वाटत नाही, आयुष्यात बोललेय. पण जावेचा हात चाकात गेलाय तो माझ्या घाईनं, आणि तो कुठं गेला तेही मी बदलून सांगायचं, हे काही जमेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, हात ठेवलाय, कापला नाही. ताप होता, पण ती बोलत होती. पोलीस आला तो आधी तिच्याकडे गेला, मग बाहेर येऊन मला विचारलं. मी सगळं सांगितलं. रस्ता, दुभाजकाची फट, लोखंडी चाकं, पोती. कमरेची पिशवी सोडून लायसन्सही दिलं.

तो लिहिता लिहिता थांबला. "आजी, त्या आतल्या म्हणतात रानात झालं. कांद्याच्या रानात."

"तिला ताप हाय."

"ताप असून कांदा बरोबर सांगितला की." त्यानं पेन ठेवलं. "दोघींनी आधी ठरवून तरी सांगायचं."

मी आत गेले. जाव डोळे मिटून होती.

"कशाला खोटं बोललीस?"

"तुला वाचवायला, शहाणे."

"तुला कुणी सांगितलं वाचवायला?"

"तूच म्हणालीस की तोंड कमी चालीव. म्हणून रानात झालं, एवढंच सांगितलं." मग डोळे उघडले. "हात चालीव म्हणालीस तर हात घालवला मी."

मला तिथून निघता आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी खुर्चीवर एका जागी बसले. किती वेळ, ते माहीत नाही.

पोलिसानं जबाब माझा धरला. दंड झाला. लायसन्स काही महिने बंद होतं, मग परत दिलं. विम्याचं पुढे काही झालं नाही, ते मुलगा अजून बोलून दाखवतो. त्यानं रस्त्याच्या दोन्ही कडांना पत्र्याचं छप्पर घालून दिलंय. एका बाजूला रबरी चाकं असतात, दुसऱ्या बाजूला लोखंडी. चाकं मी आणि शेजारची सून बदलतो. जाव बांधावर बसून नट मोजते. सगळे आवळल्याशिवाय मला वर चढू देत नाही. तास-दीड तास जातो. मी चिडते, ती ऐकत नाही.

तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. भाकरी ती डाव्या हातानं थापते, वेडीवाकडी होते. मी तीच खाते.

त्या सकाळी रस्त्यावर आम्ही दोघी होतो. दोघी जिवंत आहोत.