हात सोडून बसणं

नव्वदच्या दशकात मी बहारीनमधल्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होते. तिथे रत्नागिरीकडचा एक वेल्डर भेटला. तिथल्या सित्रा बेटावर काम करताना परांचीवरून पडून त्याच्या मणक्याला मार बसला होता. छातीखालचं अंग लुळं पडलं होतं.

बसल्यावर त्याचा तोल किती राहतो ते बघायला मी त्याला पलंगाच्या कडेला बसवायची आणि आपला हात पुढे करून म्हणायची, "हात उचला, माझ्या हाताला लावा." तो गादी घट्ट धरून हसायचा. "उद्या, इंशाल्ला." एरवी मात्र सांगेन ते सगळं करायचा. मी यायच्या आधी दाढीसुद्धा करून ठेवायचा.

त्याला गावी पाठवायचं ठरलं, तेव्हा मी जरा चिडूनच विचारलं, "घाबरताय कशाला? मी आहे ना धरायला."

"इथं तुम्ही हायत, मॅडम. घरी पोरगी हाय, मी इथं असताना झालेली. हात सोडून बघितला आन् कळलं, एक हात कायम टेकलेलाच लागणार, तर तिला घ्यायचं कसं?"

मी त्याच्या मांडीवर उशी ठेवली. त्याने एक हात सोडला, मग दुसरा, आणि उशी छातीशी धरली. तो डावीकडे कलला तशी मी पुढे झाले. पण तो आपला आपण सावरला आणि उशीला हळूच म्हणाला, "भिऊ नको हां, अब्बा हाय."