तळाच्या किड्यांसाठी

बुऱ्हाणपूरहून खकनारला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी एक विज्ञानाच्या बाई बसतात. विषय एकच, खोल समुद्रातले किडे.

"काहींना तोंड नाही, पोट नाही. पूर्वजांना होतं बरं! पण खालच्या अंधारात यांनी अंगातच जिवाणू पाळले, तेच यांना पोसतात. समजलं का?"

मागून कोणीतरी हसतं, "मॅडम, समुंदर कहाँ, बुऱ्हाणपूर कहाँ!" बाई मान वळवत नाहीत.

यंदा त्यांना संशोधनाच्या जहाजावर जायची संधी आली. अट होती, पोहता आलं पाहिजे. बाईंना तर पाण्याची अशी भीती, की पुलावरून बस जाताना डोळे मिटून घेतात.

पुढच्याच रविवारी त्या मला तापीच्या घाटावर दिसल्या. पंजाबी ड्रेस, तरंगायला कमरेला बांधलेला रिकामा डबा. नवरा कमरेएवढ्या पाण्यात उभा. धुणं थांबवून बायका बघत होत्या. बाई बुडाल्या, खोकत वर आल्या.

"राहू दे ना आता," नवरा म्हणाला.

"हात सोडा माझा," बाई म्हणाल्या आणि पुन्हा पाण्यात शिरल्या.

उन्हाळा सरता सरता त्या डब्याशिवाय पलीकडच्या काठाला लागल्या. धापा टाकत वाळूत बसल्या.

नवऱ्यानं अलीकडून हाक मारली, "होडी पाठवू का?"

"कशाला? आले तशीच येते!"