आम्ही चौघी जिथे जिथे घाबरलो

परदेशातून आलं की घरचे विचारतात, "काय काय पाहिलंत?" आणि आमची पंचाईत होते. पाहिलेलं सगळं फोटोत असतं आणि दहा फोटोंच्या पुढे कुणी बघत नाही. आमच्या लक्षात राहिलंय ते फोटो काढायला हात मोकळे नव्हते तेव्हाचं. परक्या मुलखात गाडी भाड्याने घ्यायची आणि आपणच चालवायची, असे आमचे पाच-सहा प्रवास झाले. सायखेड्याला शकुताईंच्या ओट्यावर बसलं, की एक किस्सा सांगायला घ्यावा आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा उठून यावा. त्यांत सूर्यास्ताचा एकही नाही. सगळे भीतीचे.

आम्ही चौघी भेटलो गंगापूर रोडच्या एका योगवर्गात. शकुताई वयाने मोठ्या, एकसष्टीच्या. द्राक्षबागायतदार. मालक गेल्यावर बाग त्यांनीच सांभाळली, ट्रॅक्टर तर लग्नाआधीपासून चालवतात. त्यामुळे आमच्या मुख्य ड्रायव्हर त्याच. रेखा भूलतज्ज्ञ, तिचा आवाज कधी चढत नाही. वैजू येवल्याची, माहेरी पैठणीचे माग. आणि मी नीला, तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नकाशा माझ्याकडे असतो, हे पुढचं ऐकताना कृपया विसरा.

*

पहिला प्रवास जॉर्जियाचा. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. हे आम्हांला पाठ होतं. दोन दिवस सगळं नीट चाललं. तिसऱ्या दिवशी डोंगरात एका टपरीवर चहा घेतला आणि निघालो. रस्ता रिकामा, एकीकडे कडा, एकीकडे दरी.

वैजू मागून म्हणाली, "अगदी आपल्याकडच्या गडाच्या घाटासारखं वाटतंय नाही?"

खरंच तसं वाटत होतं. वाटणारच, कारण आम्ही डाव्या बाजूने चाललो होतो.

वळण आलं आणि समोर ट्रक. शकुताईंनी ब्रेक दाबला, त्यानेही दाबला. दोन्ही गाड्या थांबल्या तेव्हा मध्ये हातभर जागा होती. त्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही, शिवी दिली नाही. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून नुसता बसून राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शकुताईंनी गाडी सावकाश उजवीकडे घेतली. म्हणाल्या, "त्याचं काय नाय चुकलं. आपलंच चुकलं." मग आरशात बघून, "वैजू, आजपासून गाडी सुरू केली का तू मोठ्यानं 'उजवीकडे' म्हणायचं. तू म्हणल्याबिगर मी क्लच सोडणार नाय."

वैजूने हे काम इतकं मनावर घेतलं, की परत आल्यावर जावयाच्या गाडीत बसल्या बसल्या तिच्या तोंडून "उजवीकडे" निघालं. जावई बिचारा आज्ञाधारक. त्याने आम्हांला नेऊन पेट्रोलपंपात उभं केलं.

*

आइसलंडला गाडी ताब्यात देणाऱ्या बाईने एकच सूचना दिली. दार उघडताना दोन्ही हातांनी धरा. आम्ही बाहेर येऊन हसलो. दार काय, म्हैस आहे का धरायला?

दुसऱ्या दिवशी एका उघड्या माळावर थांबलो. काळी वाळू, लांबवर समुद्र. वैजूने फोटोसाठी मागचं दार एका हाताने उघडलं. वारा पाठीमागून होता. दार गेलं, आणि दाराला धरलेली वैजूही गेली. क्षणापूर्वी माझ्या शेजारी बसलेली बाई दिसेनाशी झाली.

ती खाली दगडांवर पालथी पडली होती आणि वारा तिला ढकलत होता. पुढे उतार, उताराखाली पाण्याचा ओढा. मी तिला हाक मारली, पण माझीच हाक मला ऐकू आली नाही. रेखा उतरली ती सरळ आडवी झाली. पोटावर सरपटत वैजूपर्यंत गेली, तिच्या जॅकेटचा पट्टा धरला आणि तशीच तिच्यावर पडून राहिली. मी रेखाचे पाय धरले, शकुताईंनी माझे. अशा साखळीने आम्ही तिला गाडीत ओढलं. तिचं मनगट सुजून टम्म झालं होतं. रेखाने माझा नकाशा गुंडाळून त्यावर बांधला. त्या प्रवासात नकाशाचा झालेला तो एकमेव उपयोग.

दार मात्र बिजागरीतून वाकलं होतं. लागेना. शकुताईंनी बॅगेतून सुती साडी काढली आणि त्या दाराच्या हँडलपासून पलीकडच्या हँडलपर्यंत, आमच्या मांड्यांवरून, करकचून बांधली. पुढचं गाव चाळीस किलोमीटर. वाऱ्याचा झोत आला की साडी ताणली जायची आणि आम्ही दोघी ती दोन्ही हातांनी धरायचो. वैजू कण्हत म्हणाली, "ताई, सुटणार नाही ना?"

"नाय सुटत. पाचवारी हाय म्हणून जरा कमी पडली. नऊवारी आणली असती तर दोन्ही दारं बांधली असती."

*

रेखाला पुलांची भीती वाटते, हे आम्हांला नॉर्वेत कळलं. तोवर तिने कधी सांगितलं नव्हतं. पूल आला की ती डोळे मिटून बसायची आणि आम्हांला वाटायचं दमली असेल. त्या दिवशी शकुताईंची पाठ धरली होती, म्हणून गाडी रेखाच्या हातात होती. आणि पूल आला. कमानीसारखा वर चढत गेलेला, समुद्रावरचा, कठडे बसके.

मधोमध गेल्यावर गाडी थांबली.

"काय गं?" मी विचारलं.

"माझे पाय चालत नाहीत," रेखा म्हणाली. ऑपरेशन थिएटरात बोलावं तशा शांत आवाजात. त्या शांतपणाचीच मला धडकी भरली. मागे एक मोठी बस येऊन थांबली होती. जागा बदलायला उतरावं, तर रेखा स्टिअरिंग सोडेना. तिची बोटं पांढरी पडली होती.

शकुताई तिच्या शेजारी होत्या. त्यांनी तिला हात लावला नाही. म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, पेशंट घाबरला का तू त्याला काय सांगती?"

"दहापासून उलटं मोजायला."

"मग मोज."

रेखाने मोजायला सुरुवात केली. दहा, नऊ, आठ. सातला गाडी हलली. एक आला तरी पूल संपला नव्हता, मग पुन्हा दहापासून. चार वेळा दहा मोजून झाले तेव्हा पलीकडची जमीन लागली. रेखाने गाडी कडेला घेतली, उतरली, गवतात बसली आणि हमसून रडली. मागची बस हळूच पुढे निघून गेली. पूर्ण वेळ तिने एकदाही हॉर्न दिला नव्हता.

*

नामिबियाचा छोटासा आहे. अभयारण्यात गाडीतून उतरायचं नाही असा नियम. रस्त्यात हत्ती उभा. एकटा नर, कान पसरलेले, सोंड वर. मागे वळायला जागा नाही. वीस मिनिटं तो आमच्याकडे आणि आम्ही त्याच्याकडे बघत होतो. वैजू देवीचं नाव घेत होती. शकुताई पुटपुटल्या, "बैल असता तर बोलले असते त्याच्याशी." मग तो एक पाऊल पुढे आला, बॉनेटवर सोंडेचं टोक टेकवलं, वास घेतला आणि झाडीत शिरला. बॉनेटवर ओला गोल ठसा राहिला होता. गाडी परत देईपर्यंत तो पुसायला कुणाचा हात धजला नाही.

*

तुर्कस्तानात त्या मला विसरून गेल्या.

पठारावरचा एक पेट्रोलपंप. आजूबाजूला क्षितिजापर्यंत कापलेलं गव्हाचं रान. मी बाथरूममधून बाहेर आले तर गाडी नाही. फोन गाडीत, पासपोर्ट गाडीत. आधी वाटलं, हवा भरायला पलीकडे नेली असेल. पंपाला एक फेरी मारली. मग दुसरी मारली.

पंपावरच्या बाईने मला स्टूल दिलं, चहा दिला. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. मी तिच्या वहीत गाडी काढून दाखवली, चार बायका काढल्या, एकीवर गोल केला आणि स्वतःकडे बोट दाखवलं. तिने माझ्या हातावर हात ठेवला, तो काढलाच नाही.

अर्धा तास झाला तशी मला वेगळीच भीती वाटायला लागली. मला मैत्रिणींची इतकी खात्री होती, की या मला सोडून जाणारच नाहीत. गेल्या असतील तर अर्ध्या रस्त्यात लक्षात येईल, परत येतील. येत नाहीत, म्हणजे येऊ शकत नाहीत. मी मनातल्या मनात त्या रस्त्यावर उलटलेली गाडी बघायला लागले. शकुताईंच्या मुलाला फोन कुणी करायचा, काय सांगायचं, वाक्य जुळवत होते.

सव्वा तासाने धूळ उडवत गाडी आली. तिघींचे चेहरे उतरलेले. मागच्या सीटवर माझं पांघरूण होतं, त्याखाली उशा. त्यांना वाटलं मी झोपलेय. वैजूने तर त्या ढिगावर सफरचंदाची पिशवीही टेकवून ठेवली होती.

मी रडतही होते आणि भांडतही होते. शकुताई मान खाली घालून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "लय वेळ बोलत होते मी तुझ्याशी. तू उत्तर देईना. म्हणलं, सकाळच्या बोलण्याचा राग आला असंल."

मी आजतागायत विचारलेलं नाही, सकाळी त्या काय बोलल्या होत्या.

*

आणि ओमान.

डोंगरातल्या कोरड्या नदीच्या पात्रातून रस्ता होता. दगडगोटे, मध्ये काटेरी झाडं, दोन्हीकडे उंच कडे. एका झाडाच्या सावलीत आम्ही जेवायला थांबलो. ऊन इतकं की इंजिन आणि एसी सुरू ठेवून गाडीतच बसलो. सोबत आणलेल्या कडक भाकऱ्या, ठेचा. वर आभाळ निळंशार.

समोरच्या चढावरून एक म्हातारा धावत खाली येताना दिसला. हातात काठी, कमरेला पट्टा. वर त्याच्या शेळ्या होत्या. तो थेट शकुताईंच्या खिडकीशी आला आणि काचेवर थापा मारायला लागला.

"काच उघडू नका," वैजू म्हणाली.

तो ओरडत होता. डोंगराकडे बोट, आमच्याकडे बोट, वर बोट. शकुताईंना वाटलं भुकेला असेल. त्यांनी काच खाली केली आणि भाकरी पुढे केली. त्याने भाकरी बाजूला सारली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि किल्ली काढून घेतली. इंजिन बंद. वळला आणि चढ चढायला लागला. मागे बघितलंसुद्धा नाही.

चार बायका, मैलोन् मैल माणूस नाही, फोनला रेंज नाही. वर त्याचे आणखी कोण असतील?

"किल्ली आणते," म्हणत शकुताई उतरल्या आणि त्याच्यामागे निघाल्या. रेखा म्हणाली, "त्यांना एकटं सोडायचं नाही." मी आणि रेखा धावलो. वैजू हलेना. "पासपोर्ट सोडून मी येणार नाही," म्हणाली आणि दारं आतून लावून घेतली.

म्हातारा थांबेना. आम्ही थांबलो की तो किल्ली उंच धरून दाखवायचा आणि पुन्हा चढायचा. शकुताई त्याला शिव्या घालत होत्या, अस्सल सायखेड्याच्या. आम्ही दोन मजले उंचीवर पोहोचलो असू, तेव्हा आवाज आला. आधी वाटलं ट्रक. पण आवाज सगळीकडून येत होता.

पूर आम्हांला नवीन नाही. गोदेचं पाणी चढताना आम्ही लहानपणापासून बघतोय. पण ते पायरी पायरी चढतं, माणसाला सामान उचलू देतं. इथे वळणावरून पाण्याची तपकिरी भिंतच आली. पुढे झाडांची खोडं, दगड. आमच्या डोक्यावर आभाळ निळंच, पाऊस लांब वरच्या डोंगरात कुठे तरी पडला होता.

आणि वैजू खाली.

आम्ही तिघी ओरडलो. एसी बंद पडून गाडी तापली होती, म्हणून तिने नुकतंच दार उघडलं होतं. त्यामुळे तिला ऐकू गेलं. ती पासपोर्टची पिशवी छातीशी धरून पळत सुटली. चढावर तिचा पाय घसरला, चप्पल गेली. म्हातारा आमच्या बाजूने खाली उड्या मारत गेला आणि काठी पुढे केली. तिने काठी धरली. त्याने ओढली. तिचा पाय ज्या दगडावरून उठला, तो दगड दोन श्वासांत पाण्याने उचलला.

वैजू वर येऊन शकुताईंच्या कुशीत पडली. खाली गाडी एकदा फिरली, आडवी झाली, आणि तिचं पांढरं छप्पर पुढच्या वळणापर्यंत दिसत राहिलं. मग तेही दिसेना.

म्हातारा शकुताईंसमोर आला. पट्ट्यातून गाडीची किल्ली काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

शकुताईंनी किल्लीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. मग मराठीतच त्याला विचारलं, "भाऊ, तुमच्या शेळ्या सगळ्या वर हायेत ना?"

त्याला काय कळलं कोण जाणे. त्याने काठी उचलली आणि डोंगरावरची एकेक शेळी आम्हांला दाखवायला सुरुवात केली.